अर्धं बॉनेट

घाटमाथ्यावरच्या नळाला रांग लागली होती. उकळलेल्या गाड्यांचे मालक रिकामे डबे घेऊन उभे होते आणि त्यांच्यात तिचे बाबा, हातात एक बाटली घेऊन. ती दोन माणसं मागे होती. तिने गाडीचं बॉनेट कापल्यापासून बाबा तिच्याशी फक्त आईमार्फत बोलत होते.

"तुमची गाडी नाही तापली?" मागच्या माणसाने बाबांना विचारलं.

"नाही. हे पाणी प्यायला."

"माझ्या गाडीइतकीच म्हातारी दिसते की!"

"बॉनेटला फटी आहेत. आतली गरम हवा वरून निघून जाते."

"कुठल्या गॅरेजात केल्या?"

"गॅरेज कसलं! अंगणात. लेकीने."

"आणि तुम्ही करू दिलंत?"

"मी अक्कल पाजळली, काचेजवळ पाड, दिसणार नाहीत. तर म्हणते, बाबा, गाडी धावताना तिथून हवा उलटी आत घुसते, पुढेच हव्यात. आखून, कापून, कडा घासून केल्यात. बोट फिरवून बघा, खरचटलं तर नाव बदलीन."

"पण फटी एकाच बाजूला आहेत."

"दुसरी बाजू राहिली. घरातला एक अडाणी माणूस ओरडत आला आणि त्याने कटर लपवला."

"असतो प्रत्येक घरात एखादा. कोण, तिचा काका?"

"मी."

बाबांनी बाटली भरली, झाकण लावलं आणि ते वळले, तर समोर ती.

"घे, पाणी पी. कटर धान्याच्या डब्यात आहे. आईला विचारू नकोस, तिला माहीत नाही."