वाकळेचं पोट

नाही हो, उंबऱ्यात कशाला उभ्या राहता वच्छलाबाई, आत या, आणि ते गाठोडं आधी खाली ठेवा — ठेवा की, खांदा भरून आला असेल. दवाखान्यापासून चालत आलात? एवढ्या उन्हात? आणि सगळ्याच परत आणल्यात काय? एकसुद्धा ठेवून घेतली नाही मेट्रनबाईंनी? बरं. बरं. मी काही बोलत नाही. आज माझा सोमवार, उपासाच्या दिवशी कुणाला वाईट बोलू नये — पण मला एक सांगा, पोरांच्या वॉर्डात उंदीर झाले हा माझा दोष? मी काय उंदरांसाठी वाकळा शिवल्या? फिनेल टाकायचं नाही, मोऱ्यांना जाळ्या लावायच्या नाहीत, आणि वाकळा कुरतडल्या की गाठोडं बांधून माझ्या दारात! तुम्हाला नाही म्हणत मी. तुम्ही बिचाऱ्या नर्स, सांगितलं ते करणार.

बघू तरी. अगं बाई… हा हिरवा काठ बघा, माझ्या लग्नातल्या इरकलीचा. ही जांभळी चौकट गोजरबाईच्या लुगड्याची, आमच्या शेजारची, तिनं हातानं धुऊन घडी करून दिली होती, म्हणाली, "आजाऱ्याच्या अंगावर जायचंय, मऊ आहे तेच घे." सगळ्या गल्लीनं जुनेरं दिली हो. आणि मी दुपारची भांडी झाली की भिंतीला टेकून बसायची, धावदोरा, धावदोरा, धावदोरा — बोटाला घट्टे पडले. घरात कोण पांघरतं वाकळ? आमचे हे चादरीच्या मिलमध्ये कामाला, घरात चादरींची चळत. या गावात वाकळ शिवते म्हटलं की लोक हसतात. पोरगा तर म्हणतो, "आई, सोलापुरात राहून चिंध्या शिवतेस, बाबांची नोकरी घालवशील." हसू द्या. मी पण हसते.

आधी महिला मंडळात गेले होते, माहीत आहे? हाताला कला आहे, कुणाच्या उपयोगी पडावी म्हणून गेले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "छान! क्रोशाचे रुमाल करा, रेडिओवर टाकायला." मी म्हटलं, बाई, रेडिओला थंडी वाजते होय? सगळ्या हसल्या, त्या नाही हसल्या. त्यांनी प्रदर्शन भरवलं, पाहुणे आले, हार झाले, आणि रुमाल गेले अध्यक्षीणबाईंच्याच बहिणीकडे. याला समाजसेवा म्हणायचं! मग म्हटलं, आपण आपलं करावं. सिद्धेश्वराला नवस बोललेच होते मी, दुष्काळाच्या साली — आमचा पोरगा सिद्धनाथ तुमच्याच वॉर्डात होता, तुम्ही नव्हता तेव्हा, तुम्ही मंद्रूपच्या दवाखान्यात असाल — विषमज्वर. ती लाल घोंगडी तुमची, अंगाला कुसळासारखी टोचते, पोर रात्रंदिवस खाजवायचं. मी हात जोडले, देवा, हा उठून घरी येऊ दे, या वॉर्डातल्या खाटेखाटेवर माझ्या हातची मऊ वाकळ घालीन. उठला. मग बोललेलं फेडायला नको? एकच खाट राहिली आता, ती खिडकीजवळची. तिची वाकळ ही काय, कालच पुरी झाली, इथं मांडीवर. आणि आज तुम्ही बाकीच्या घेऊन आलात. म्हणजे देवाला मी काय सांगू, उंदरांनी नवस खाल्ला?

काय? मधोमध कुरतडल्यात? असेल की. … नाही, सगळ्या मधोमधच कशा असतील, उंदीर काय मोजून कुरतडतो — दाखवा. हिला… मधे. हिलाही. कडा शाबूत, चारही कोपरे शाबूत. … असू दे हो, मेला उंदीर, त्याला काय कळतंय. चहा टाकते तुम्हाला, मला उपासाला चालत नाही, पण तुम्ही घ्या. नको? मग अशा बघत का बसलात माझ्याकडे?

आता तुम्हाला काय लपवायचं. वाकळ उपाशी ठेवू नये. झालं! तुमच्याकडं नाही करत? आम्ही कडेनं शिवत शिवत मधे येतो, आणि शेवटचं ठिगळ बंद करायच्या आधी त्याच्याखाली गूळ लावून पोळीचा तुकडा ठेवतो, हळदकुंकू वाहतो, मग टाका. माझ्या सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्या म्हणायच्या, "उपाशी वाकळंत निजल्यालं लेकरू सपनातबी भुकेलंच ऱ्हातंय." घरी कधी उंदीर लागला नाही, घरी मांजर असतं, वाकळा उन्हात पडतात. दवाखान्यात कोण उन्हात घालणार, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि खरं सांगू — ध्यानात आलं असतं तरी मी ठेवलाच असता. का म्हणून विचारू नका. … सिद्धनाथाला पोळी हवी होती हो, तापात. डॉक्टरांनी नुसत्या पेजेच्या पाण्यावर ठेवला होता, आतडी फाटतील म्हणाले. खाटेवरून हात पुढे करायचा, "आई, एक तुकडा, नखाएवढा." माझ्या पदरात होता तुकडा बांधलेला, माझ्याच जेवणाचा. मी नाही दिला. बरोबरच केलं, सगळे म्हणतात बरोबर केलं, म्हणून तर वाचला. पण तो भिंतीकडं तोंड करून निजला ते अजून — जाऊ दे. म्हणून एकेका वाकळेत तुकडा ठेवताना मी मनात म्हणायची, घे बाळा, घे, आता कुणी नाही म्हणणार नाही.

तुम्ही का रडता? तुम्ही कशाला… काय म्हणालात? पोराला? उंदीर पोराला चावला? कुणाच्या? त्या होटगीहून आलेल्या केराबाईच्या नातवाला? कुठं चावला, पायाला ना? … पोटाला. … बरोबर आहे. वाकळेचा मधला भाग पोटावरच येतो की. … इंजेक्शन दिलंत? लगेच दिलंत? ताप नाही ना? खरं सांगा. माझं मन राखायला नका सांगू. … आणि मी मघापासून मोऱ्या काढतेय, फिनेल काढतेय, मेट्रनबाई काढतेय. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

थांबा. जाऊ नका. ती कात्री द्या इकडं, कोनाड्यातली. ही खिडकीच्या खाटेची. नको, हात लावू नका, माझी मी उसवते — माझाच टाका आहे, बारीक घालते मी, सुटता सुटत नाही. … हा निघाला तुकडा. अजून मऊ आहे बघा. … टाकवत नाही हो. असू दे इथं, चिमणीला घालीन. आता हे बंद करते. रिकामंच. सासूबाई वर भेटल्यावर काय म्हणायचं ते म्हणतील. वाकळेचा उपास मी माझ्या अंगावर घेते — सोमवार आहेच, आता शनिवारही धरीन, तेवढं देवाला चालायला हरकत नाही.

घ्या. मेट्रनबाईंना सांगा, आत काही नाही, नुसत्या चिंध्या. पाहिजे तर उकळून घ्या म्हणावं. हवं तर दारातून परत पाठवा म्हणावं, पण एकदा हात फिरवून बघा म्हणावं. बाकीच्या मी उसवून, धुऊन, ठिगळं लावून आणते. आणि वच्छलाबाई, केराबाईच्या नातवाला आता जेवायला देतात ना? पोळी देतात ना? की त्यालाही पेजेवरच ठेवलंय? —

नको. नका सांगू. जा तुम्ही. दार ओढून घ्या.