दोन मीटर त्रेपन्न

तीन सेंटीमीटर हो! तीन! हे माझ्या अंगठ्याचं वरचं पेर आहे ना, तेवढं. तेवढ्यासाठी माझ्या सख्ख्या भावाला त्याच्या स्वतःच्या ट्रकमधून दफनभूमीत नेता येईना, आणि कारण काय, तर म्हणे ट्रक रुंद आहे! अहो, ट्रक रुंद नसणार तर काय, ती काय सायकल आहे?

तुम्हाला सांगतो, लेस्टरनं, म्हणजे माझ्या भावानं, तो ट्रक सैन्याच्या लिलावात घेतला, नऊ वर्षांपूर्वी. तरुणपणी सैन्यात असताना तसलाच चालवायचा ना, जीव अडकलेला. घेतला, घरी आणला, आणि मग कळलं की नंबरप्लेट मिळणार नाही. दोन मीटर त्रेपन्न भरतो, आणि रस्त्यावर चालतात अडीच. आता मला सांगा, आदल्या आठवड्यापर्यंत हाच ट्रक देशभर हुंदडत होता की नाही? हो, पण सैन्याला माफ! म्हणजे सैन्यात होता तोवर सडपातळ, आणि आमच्याकडे आला की जाड? मधल्या आठवड्यात खाल्लं काय त्यानं? लेस्टरनं हेच विचारलं ग्रॅहम टुलॉकला. ग्रॅहम हा आमच्या वाराबीन गावचा वाहन तपासनीस, दर शनिवारी लेस्टरच्याच पैशानं बिअर पिणारा. त्यानं टेप गुंडाळली, मिशी पुसली आणि नाकातून म्हणाला, "लेस्टर, अडीच मीटर म्हणजे अडीच मीटर."

मग काय, नऊ वर्षं तो ट्रक आमच्या गव्हाच्या शेतातच! कुंपणापर्यंत जायचा, थांबायचा, वळायचा. लेस्टर म्हणायचा, "नेव्हिल, याच्यात बसून एकदा डांबरावर जायचंय रे. मेल्यावर का होईना." आणि मेला की हो! मंगळवारी सकाळी, हातात टोस्ट, वर जॅम लावलेला. दफन ठरलं शुक्रवारी.

लोक यायचे, केक आणायचे, खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "नेव्हिल, कसं वाटतंय?" मी म्हणायचो, "दोन मीटर त्रेपन्न." खरं सांगतो, दुसरं काही वाटतच नव्हतं! दाढ काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसा मी आख्खा. चिमटा काढला तरी दुसऱ्यालाच काढल्यासारखा.

बुधवारी मला सुचलं... टायरमधली हवा काढू! हवा काढली की वस्तू बारीक होते, नाही का? चाकांशी तासभर बसून फुस्स, फुस्स... आणि टायर खाली बसून दोन्ही बाजूंना पसरले! बेरिल, माझी बायको, खिडकीतून बघत होती. "नेव्हिल," म्हणाली, "तू खुर्चीत बसल्यावर बारीक होतोस का?" ग्रॅहमला बोलावलं, तर तो टायरकडे बघेचना. "मी हौदा मोजतो." मग हौदा कापू? "काप की. पण मग इंजिनियरचा दाखला लागेल. सहा आठवडे." अरे, लेस्टर सहा आठवडे कसा थांबेल? ग्रॅहम बुटांकडे बघत म्हणाला, "अडीच मीटर म्हणजे अडीच मीटर."

त्यानंच सांगितलं, खास परवाना मिळतो, अर्ज कर. केला फोन. तिकडून एक बाई, आवाज साखरेत घोळलेला. "मालाचं वर्णन सांगता का?" म्हटलं, लेस्टर. "किती नग?" म्हटलं, एकच, पण नगच होता तो! "माल सुटा करून, तुकड्यांमध्ये नेता येईल का?"

...काय?

"म्हणजे सर, तुकडे होत असतील तर लहान गाडीतून न्यायचे, असा नियम आहे." मी म्हटलं, "बाई, तुकडे होत नाहीत." आणि ते किती शांतपणे म्हटलं! मला वाटलं आता तरी रडू येईल. छे. मी फक्त विचारलं, किती दिवस? "अठ्ठावीस."

मग काय करणार? शेतातून नेलं! शेतात कोण मोजतंय! चार शेजाऱ्यांनी फाटकं उघडली, दोन ठिकाणी तारा कापल्या, मेंढ्या हाकलल्या, आणि ट्रक आपला गदागदा हलत चाललाय, हौद्यात लेस्टर, मागे सगळं वाराबीन बुटांत चिखल घेऊन. पण दफनभूमी हमरस्त्याच्या पलीकडे. कुंपणाशी ट्रक थांबला. पुढे दहा पावलं डांबर. आणि त्या डांबरावर कोट घालून उभा कोण? ग्रॅहम!

मी म्हटलं, "ग्रॅहम, दहा पावलं रे." त्याचे डोळे लाल झालेले, मिशी थरथरतेय, आणि म्हणतो काय, "नेव्हिल, अडीच मीटर म्हणजे..." आणि त्यानं कोट काढला, फाटकावर टाकला आणि शवपेटीचा पुढचा कोपरा स्वतः उचलला. सहा जण होतो. लेस्टर जड हो! बरोबर मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर हात भरून आले, पेटी खाली ठेवावी लागली. तर असा पोचला माझा भाऊ डांबरावर. ट्रक मागे कुंपणाशी, घरघर करत.

अठ्ठाविसाव्या दिवशी परवाना आला. हो, आला! शिक्का, सही, सगळं. "माल: लेस्टर. एक नग. तुकडे होत नाहीत. वैधता: एक वर्ष. फेरी: एक." मी तिथेच टपालपेटीपाशी खाली बसलो आणि रडलो, तुम्हाला सांगतो, कुत्रा घाबरून आत पळाला इतका रडलो.

आता तो कागद फ्रिजवर लावलाय. बेरिल म्हणते, चांगला परवाना, फुकट जायचा. आणि परवा चहा देता देता माझ्याकडे जरा जास्तच निरखून बघत होती. मी म्हटलं, "बघू नकोस. नाव लेस्टरचं आहे, मला नवा अर्ज करावा लागेल. अठ्ठावीस दिवस आधी सांगेन."