हललं की दिसतं

नर्सने थेंब घालून “आता डोळे उघडायचे नाहीत” असं बजावलं होतं, म्हणून शिंपीणबाई दवाखान्यातल्या बाकावर डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. कान मात्र उघडे होते. शेजारच्या आजींचे यजमान तपासणी आटोपून बाहेर आले.

“अहो, इकडे! दोनदा माझ्यासमोरून गेलात.”

“दिसलीच नाहीस. हात हलवलास तेव्हा दिसलीस.”

“एवढी मोठी बाई दिसली नाही?”

“डॉक्टर म्हणाले, असं होतं. नजर अधू झाली तरी हलणारं मेंदू चटकन टिपतो. न हलणारं मागच्या भिंतीत मिसळून जातं.”

“मग घरात बरी दिसते मी?”

“घरात तू एका जागी असतेस कुठे?”

“आणि जरा पाठ टेकली, की ‘अगं, कुठे आहेस?’ म्हणून हाका सुरू! म्हणजे तुम्हाला दिसावं म्हणून मी जन्मभर नाचायचं होय?”

“त्यावर उपाय सांगितलाय ना. समोरचं हलत नसेल, तर आपण मान हलवायची. जवळचं भरभर सरकतं, लांबचं हळू. मग काय कुठे आहे ते मेंदूला कळतं.”

“अगंबाई! कबुतरासारखी काय मान हलवताय? लोक बघताहेत.”

“बघू देत. दिसलीस! चांगली बसलेली दिसलीस.”

“झालं समाधान? चला, घरी जाऊन चहा टाकायचाय.”

“तू बस. आजपासून हलायचं काम माझं. चहा मी इथेच घेऊन येतो.”

“अहो, सावकाश! मध्ये त्या बाईंचे...”

शिंपीणबाईंनी डोळे न उघडताच पाय आत ओढून घेतले.