डिस्प्ले बंद पायजे

न्हाई न्हाई, भाऊ, हा बी नको — ठेवा, वरच ठेवा तो, काहून उगं उतरवून राहिले — त्याचा बी डिस्प्ले चालू हाय. इथून दिसून राहिलं ना मला, निळा उजेड पडलाय सगळा. मी आल्या आल्या काय म्हनलो व्हतो? कीबोर्ड जुना पायजे, किल्ल्या साऱ्या वाजल्या पायजेत, ट्रान्सपोजचं बटन एकदम कडक पायजे — आन डिस्प्ले बंद पायजे. बंद म्हंजी बंद. मेलेला. एक आकडा बी दिसला न्हाई पायजे. आता तुमी माझ्याकडं असं बगून राहिले का जनू मी दुकानात येऊन फाटकी चप्पल मागितली. बगा, माझं डोकं बराबर हाय. प्यालेलो न्हाई. सकाळच्या गाडीनं साखऱ्याहून आलोय, पोह्याची एक प्लेट खाल्ली स्टँडावर, बस.

तुमचं नाव हरिचंद ना? पाटीवर वाचलं. तर हरिचंदभाऊ, तुमच्याकडं एवढा माल पडलाय — ऑक्टोपॅड हायेत, मिक्सर हायेत, माईक तर भाजीवानी ढिगानं लावलेत — त्यात एक बी कीबोर्ड असा न्हाई का ज्याचा डिस्प्ले गेलाय? तो खालचा? ज्यावर 'प्रेमदास बँजो पार्टी' चिकटवलंय तो? चालू हाय? अरेच्चा. लोकं बी ना, विकायच्या येळेलाच दुरुस्त करून आनतात. काय? किंमत कमी करायला बोलून राहिलो असं वाटलं तुमाला? न्हाई हो! किंमत पुरी घ्या. चालू डिस्प्लेचीच घ्या. वरून पाचशे घ्या, पन डिस्प्ले मारून द्या. आतून एक वायर काढली का झालं. तुमी तर पैले मोबाईल दुरुस्त करत व्हते म्हनं, तुमच्या हातचा मळ हाय तो. — न्हाई करनार? चांगली वस्तू बिघडवनार न्हाई? हां. मंग सांगावंच लागंल. पन लवकर सांगतो, माझी बायको फॉल-पिकोवाल्याकडं गेलीय, ती यायच्या आत काम उरकलं पायजे.

तुमी 'सोजराबाई आणि पार्टी' ऐकलं असंल. न्हाई ऐकलं? बरं, तुमी हिंगोलीचे, तुमाला डीजेच ऐकू येनार. पन सेनगाव तालुक्यात इचारा कुनाला बी, जयंतीला गायन पार्टी कोनाची आनायची — तीच माझी बायको, सोजरा. बॅनरवर तिचा एवढा मोठा फोटो असतो, निळ्या साडीतला, आन खाली बारीक अक्षरात 'कीबोर्ड — मुंजाजी'. तो मी. त्याच्याहून मोठ्या अक्षरात छापखान्याचा फोन नंबर असतो. असू द्या, माझी काही तकलीफ न्हाई. लोकं तिच्यासाठी येतात, माझ्यासाठी थोडीच येतात. आन ती स्टेजवर उभी राहिली ना, माईक हातात घेतला, का गान्याच्या आधी माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हन्ते — 'काळी पाच, मास्तर!' बस. पब्लिक तिथंच टाळ्या वाजवते. काहून? काहून का काळी पाच ही पट्टी, भाऊ, लई उंच. बाजाच्या काळ्या किल्ल्यातली पाचवी. तिथून सूर धरला का वरचं गाताना भल्याभल्या बायांच्या गळ्याच्या शिरा वर येतात. आन सोजरा तिथं गायची, म्हंजी काय सांगू — मी वाजवायचं इसरून ऐकत बसायचो. दोन डाव शिव्या खाल्ल्यात त्यापायी.

गायची म्हनलो ना मी? हां. तीच तर गोष्ट हाय. सात वर्सं झाली, तिच्या गळ्याला गाठ आली. नांदेडला ऑपरेशन केलं. गाठ साधी निघली, जीव वाचला, पन गळा खाली आला. डाक्टर म्हनला गानं बंद करा तीन मैने. तीन मैने घरात अशी शांतता भाऊ, भांडन बी इशाऱ्यानं व्हायचं. मंग सेनगावला पैला प्रोग्राम. 'काळी पाच, मास्तर!' — आन वरच्या सुराला आवाज फाटला. चर्रकन. कोनी हसलं न्हाई, खोटं कशाला बोलू, पन कोनी टाळी बी वाजवली न्हाई. हिनं माईक स्टँडला लावला, खाली उतरली, आन जीपमधी येऊन बसली. म्हनली, 'झालं माजं. आता पार्टी बंद.' चार दिवस जेवली न्हाई नीट. मी पन न्हाई जेवलो, पन माझं कोन इचारतं.

आता हे ट्रान्सपोजचं बटन. तुमाला ठाव असंल, न्हाई ठाव? अवो, दुकान काढलंय ना तुमी! बगा, हे एकदा दाबलं का आख्खा कीबोर्ड एक घर खाली बोलतो. बोटं तिथंच, किल्ल्या त्याच, पन आवाज खालचा. पुढच्या प्रोग्रामला, आमच्या शेजारच्या नर्मदाबाईच्या नातवाच्या बारशाला, मी तिला बळंच नेलं. 'एकच गानं म्हन, न्हाई जमलं तर मी जनमात म्हन्नार न्हाई.' आन गुपचूप दोनदा दाबलं. ती म्हनली 'काळी पाच, मास्तर', मी बोटं ठेवली काळी पाचवरच, पन निघली काळी चार. आन ती गायली हो! अशी गायली! घरी येऊस्तोवर जीपमधी गुनगुन चालू. म्हनली, 'बगा, माजा गळा परत आला.' आता सांगा, हरिचंदभाऊ, मी काय म्हनायला पायजे व्हतं? गळा न्हाई आला, मी बटन दाबलं, असं म्हनू? तुमच्यानं म्हनवलं असतं?

मंग लागलं ते लागलंच. दुसऱ्या वर्सी तीनदा दाबलं. मंग चारदा. आता पाच, म्हंजी बोटं काळी पाचवर आन निघते पांढरी चार. लबाडी हाय, मला कळतं. पन तिच्या तोंडावरचा आनंद तर खरा हाय ना! आन त्या जुन्या कीबोर्डचा डिस्प्ले पैलेच गेलेला, कुन्या पाहुन्यानं त्यावर चहा सांडला व्हता. मी त्या मानसाला किती शिव्या दिल्या, आन मंग सात वर्सं मनातल्या मनात पाया पडलो. डिस्प्ले न्हाई, आकडा न्हाई, कोनाला कळनार? एक ढोलकीवाला प्रमोद, त्याला कळलं, काहून का त्याला ढोलकी माझ्या सुराला लावावी लागते. त्याला मी दर प्रोग्रामला एक स्पेशल चहा आन वरून भजे पाजत — आपलं, चारत आलोय. सात वर्सं. जाड झालाय तो माझ्या भज्यानं.

मंग आता काहून आलो? अवो, गेल्या मैन्यात नरसीला जनरेटरनं असा झटका दिला का कीबोर्डमधून धूर निघला. गेला. येत्या रविवारी कनेरगाव नाक्याला प्रोग्राम हाय. मधी एक प्रोग्राम मागून आनलेल्या कीबोर्डवर केला, त्याचा डिस्प्ले एवढा मोठा, मोटारसायकलच्या लाईटवानी, त्यावर ठसठशीत लिहून आलं 'ट्रान्सपोज उने पाच'. सोजराला आकडे चांगले वाचता येतात बरं का, रेशनच्या दुकानदाराला सोडत न्हाई ती. मी त्यावर गान्याची वही ठेवली, ती वाऱ्यानं उडाली. रुमाल टाकला, ती म्हनली काहून टाकला, म्हनलं घाम टिपायला, म्हनली मंग टिपा. शेवटी मी स्वेटर टाकला. मार्च मैन्यात, भाऊ. ती म्हनली थंडी वाजून राहिली का तुमाला. म्हनलं व्हय. आन मंग तो घालावा लागला ना! आख्खा प्रोग्राम मी स्वेटर घालून, डिस्प्लेवर छाती टेकवून वाजवलं. लोकं म्हनले मास्तर लई रंगात आले.

चिकटपट्टी लावा म्हन्ता? कुटं लावता! तिला चिकटलेली वस्तू दिसलीच न्हाई पायजे. नवं ताट आनलं का त्याचं स्टिकर नखानं काढल्याबिगर ती त्यात वाढत न्हाई. फोडू म्हन्ता मीच घरी? बसलो व्हतो पक्कड घेऊन. मागून आनलेलाच व्हता तो, पन भरून दिले असते पैसे. हात उठला न्हाई. वाद्याला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावनारे आमी, पक्कड कशी घालनार. तुमचं येगळं, तुमी दुरुस्ती करनारे, तुमी केलं तर ते काम हाय. म्हनून हात जोडतो भाऊ, ही काळी बॉडी चांगली हाय, हाच द्या, आन आतून ती वायर तेवढी — तिला जर का कळलं ना, ती माईक ठेवंल. आन या डाव ठेवला तर परत उचलनार न्हाई, मी ओळखतो तिला. मंग मी त्या घरात काय ऐकू? टीव्ही ऐकू?

काय झालं? मागं काय बगून राहिले? गिऱ्हाईक आलं का, या म्हना की आ—

अगं. कवा आलीस तू? न्हाई, काय न्हाई, असंच भाव करून राहिलो. झाला फॉल लावून? …बंद हाय दुकान त्याचं. मंग व्हय. मंग तू इथंच… कुटपासून ऐकलं? नर्मदाबाईच्या बारशापासून. अगं ते मी दुसऱ्याचं सांगत व्हतो, एक व्हता आमच्या वळखीचा… बरं. बरं, बसतो. बसलो.

बोल. रागं भर. भाऊ, तुमी आत जा तेवढं — नका जाऊ म्हन्ते, बसा. …काय? ठाव व्हतं? तुला? …व्हय, गळा तुझाच हाय, मी कुटं न्हाई म्हन्तो, पन — पैल्या दिसापासून? सात वर्सं? मंग स्टेजवर 'काळी पाच, काळी पाच' म्हनून कोन वरडत व्हतं! काहून वरडत व्हतीस मंग? …माझ्यासाठी? म्हंजी? मला दुसरी पट्टी येत न्हाई म्हनून? कोन म्हनलं? प्रमोद म्हनला? भजे खाऊन? …तू पांढरी चार म्हनली असतीस तर मी लोकांत घाबरलो असतो? मी! माझी इज्जत जाऊ नये म्हनून तू… हसू नका हो हरिचंदभाऊ, यात हसन्यासारखं काय हाय. मला साऱ्या पट्ट्या येतात. आता सवय न्हाई, ती गोष्ट अलग. बोटं बसलीत एका जागी, चाळीस वर्सं एकाच बाईच्या मागं वाजवलं तर कुनाची बी बसतील.

वाजवू? इथं? आताच? बटन न दाबता? …हाच घेऊ म्हन्ते भाऊ, डिस्प्लेवाला. त्या डिस्प्लेचं तोंड तिच्याकडं राहील म्हन्ते, मी बटनाला हात लावला का तिला दिसला पायजे. लावा, लावा त्याची पिन. शून्य आलं? आलं. हे बग, ही पांढरी चार. सा. लागला ना? रे… ग… मंग म — न्हाई, हा न्हाई. थांब. हा बी न्हाई. या कीबोर्डच्या किल्ल्याच बारीक हायेत, माझा व्हता तो — काळीवर घेऊ? कोनत्या काळीवर? …म काळी पाचवरच हाय म्हन्ते. अरे व्हय की. तिथं तर बोट आपसूक जातंय. परत घेतो. सावकाश म्हन तू बी, घाई नको करू. रस्त्यावरचे लोक बगून राहिलेत, बगू द्या त्यांना.

हरिचंदभाऊ, तेवढा पंखा बंद करा. ती गाऊन राहिली.