नारळ कॉमर्सवर उभा राहिला

“हॅलो?… हां, राधाकृष्णच बोलतोय… बाई, जरा मोठ्यानं… कुठून? कर्जतकडून? हो, हो, आमचाच आहे. द्या जोडून.”

नगरच्या कॉलेजच्या ऑफिसातला काळा फोन हेडक्लार्क कुलथ्यांच्या टेबलावर असे. ग्रंथपाल राधाकृष्ण लायब्ररीतून तिथवर जवळजवळ धावत आले होते आणि आता रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांना फोनची भीतीच वाटे. माणूस दिसत नाही आणि आवाज मात्र थेट कानात शिरतो, हा प्रकार त्यांना अजून पटलेला नव्हता. पण आजचा फोन टाळण्यासारखा नव्हता. कर्जत तालुक्यात दिलेल्या बहिणीची मुलगी विजयमाला अकरावी पास झाली होती, आणि कॉलेजात नाव घालायचा आज शेवटचा दिवस होता. नाव, गाव, मार्क, सगळं कुलथ्यांनी लिहून ठेवलं होतं. शाखा कोणती, एवढंच तिच्या वडिलांकडून कळायचं राहिलं होतं. आज कळलं नाही तर पोरीचं वर्ष गेलं.

“कोण, दाजी का?… नमस्कार, दाजी. अक्का बरी आहे ना?… आणि विजू?… तुमच्यापाशीच उभी आहे. छान. मग दाजी, ठरलं का काही?… ठरलं? वा, बरं झालं. काय ठरलं?… कॉमर्स?”

कुलथ्यांनी पेनाचं टोपण काढलं. राधाकृष्णांनी हातानंच त्यांना थांबवलं.

“नाही, कॉमर्स चांगलंच आहे, दाजी… हो, बँकेत नोकरी लागते. पण विजू तर उन्हाळ्यात मला म्हणत होती की सायन्सला… हो… हो, तुम्ही वडील आहात, तुमचाच शब्द. मी एवढंच विचारतो, कॉमर्स कुणी सुचवलं?… काय?… नाही, खरखर नाहीये, ऐकू आलं. नारळानं सांगितलं, असंच म्हणालात ना?”

दाजी म्हणजे गहिनीनाथ. त्या भागातले नावाजलेले पानाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी रानातून चालायचं, आणि जिथं नारळ आपसूक उभा राहील तिथं जमिनीखाली पाणी आहे म्हणून खूण करायची, हे त्यांचं काम. त्यांनी खुंटी ठोकली की लोक डोळे झाकून विहीर खणायला घेत.

“झालं कसं ते तरी सांगा… मी पाठवली ती तिन्ही माहितीपत्रकं जमिनीवर मांडली. बरं. आर्ट्स, सायन्स, कॉमर्स, हातभर अंतरानं. बरं… तुम्ही नारळ घेऊन वरनं चालत गेलात. आर्ट्सवर आडवाच. सायन्सवर आडवाच. आणि कॉमर्सवर ‘लई जोरात हुबा ऱ्हायला’… समजलं.”

कुलथ्यांनी टोपण परत लावलं आणि खुर्ची जरा पुढं ओढली.

“दाजी, राग मानू नका, पण नारळाला इंग्रजी… नाही हो, अपमान नाही करत. नारळाचा अपमान मी कशाला करीन? मी म्हणतो, तो आजवर पाणी दाखवत आला. शाखा कधी दाखवली होती का त्यानं?… ‘त्याला समदं कळतं.’ बरं.”

समोरचा ठामपणे बोलला की आपलंच काहीतरी चुकतंय असं राधाकृष्णांना जन्मभर वाटत आलं होतं. आत्ताही क्षणभर वाटून गेलं, की कॉमर्समध्ये असेलही बुवा काही ओलावा. आपण कुठं वाचलंय ते. मग त्यांना दुसरीच शंका आली.

“दाजी, हे मांडलं होतं कुठं? घरी?… पोस्टातच? आत्ता?… फोन लागेस्तोवर वेळ होता म्हणून. ठीक. पण पोस्टात नेमकं कुठं?… कोपऱ्यात, लोकांचा पाय नको म्हणून. त्या कोपऱ्यात आणखी काय आहे?… माठ. कॉमर्सला लागून माठ आहे. भरलेला?… काठोकाठ.”

त्यांनी एक श्वास घेतला.

“मग दाजी, तो पाण्यावर उभा राहिला ना. कॉमर्सवर कुठं राहिला?… नाही, मी तुम्हाला शिकवत नाहीये. तुमचीच विद्या तुम्हाला सांगतोय… हो… पटतंय ना? मग तो माठ बाहेर ठेवायला सांगा, आणि पुन्हा एकदा चाला. मी धरतो फोन… विजूकडे द्या तोवर. हां, विजू. मामा बोलतोय. अगं, रडतेस काय, ऐक ना. अजून काही बिघडलेलं नाही. तू तिथं उभी राहा आणि मला काय होतंय ते सांगत राहा… माठ कोण उचलतंय?… पोस्टमास्तर. वा, सज्जन माणूस… ते काय म्हणतायत?… राहुरीच्या कृषी विद्यापीठात घाला म्हणतायत. नको, विजू. तीनच सांभाळता येईनात, आता चौथं माहितीपत्रक नको.”

फोनमध्ये खटकन आवाज झाला आणि एक्स्चेंजमधल्या बाई मधे आल्या.

“हां, बाई?… तीन मिनिटं झाली? वाढवा, वाढवा. नाही, संपलं नाही अजून, माठ हलवतायत… कुठला काय, पोस्टातला… बाई, तुम्ही ऐकत होता का?… सायन्सच द्या म्हणता. मलाही तसंच वाटतं हो, पण माझ्या वाटण्याला तिथं… काय?… भिंगारला. घरामागं. हातपंप घ्यायचाय. बरं, दाजींच्या कानावर घालतो. पण आधी लाईन तोडू नका.”

इकडं कुलथे कागदाच्या चिठोऱ्यावर एक चौकोन काढून त्यावर बोट ठेवून बसले होते. तो त्यांचा सावेडीचा मोकळा प्लॉट होता. पानाड्यांना तेवढं विचारा, असं ते खुणेनं सांगत होते, आणि दरवाजा लावायला आलेल्या शिपायाला त्यांनी त्याच हातानं परत पाठवलं. मघापर्यंत घड्याळाकडे बघणारा हा माणूस आता हवं तर संध्याकाळपर्यंत बसायला तयार होता.

“हां विजू, बोल. निघाले चालत?… सायन्सवर आडवा. असू दे. कॉमर्सवर?… आता आडवा. बघ, मी म्हणत होतो… आर्ट्सवर उभा? पक्का?… शेंडी वर करून. थांब. विजू, आर्ट्सच्या बाजूला काय आहे?… काही नाही? नीट बघ… पोस्टमास्तर उभे आहेत. काय करतायत?… बघतायत नुसते. विजू, त्यांना एक विचार. त्यांनी एवढ्यात पाणी प्यायलंय का?… तांब्याभर. माठ जड झाला होता म्हणून आधी थोडा रिकामा केला. मग त्यांना म्हणावं, तुम्हीही बाहेर थांबा… अगं, त्यांचंच पोस्ट आहे ते मला ठाऊक आहे. माझ्याकडून विनंती कर. म्हणावं, मामा म्हणतात, तुमच्यात पाणी आहे.”

हे आपण बोललो, यावर राधाकृष्णांचा स्वतःचाच विश्वास बसेना. सरकारी माणसाला त्याच्याच कचेरीतून बाहेर काढायचं, तेही नगरहून.

“गेले?… माठापाशी जाऊन बसले. राग आला का त्यांना?… नाही ना. मग झालं. आता काय?… आर्ट्सवर आडवा… कॉमर्सवर आडवा… सायन्सवर? तोही आडवाच? म्हणजे कशावरच नाही… विजू, इतकी हळू का बोलतेस?… हात थरथरतोय. कुणाचा, दाजींचा?… अन् परत परत चालतायत. हं.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“विजू, मला खरं सांग. तुला काय शिकायचंय ते तू त्यांना कधी बोललीस?… परवा रात्री जेवताना. काय बोललीस? जसंच्या तसं सांग… ‘मला जमिनीखालचं शिकायचंय. खडक कसा असतो, पाणी कुठं मुरतं, ते.’ बरं. मग ते काय म्हणाले?…  ताटावरनं उठले. आणि आज नारळ काखेत मारून तुला घेऊन पोस्टात… हं. बाळ, आता फोन त्यांच्याकडे दे आणि तूही जरा बाहेर जाऊन बस… पोस्टमास्तरांपाशी बस. नाही, रागवत नाही मी त्यांना. मला कधी रागावताना पाहिलंयस का?”

पलीकडे रिसीव्हर या हातातून त्या हातात गेला.

“दाजी, बसा तिथं. स्टूल असेल ना?… पोस्टमास्तरांच्याच खुर्चीत बसा मग. ते काही म्हणत नाहीत… हो, पोरगी बाहेर आहे. कुणी नाही आता… बाई, तुम्ही आहात का लाईनवर?… तुम्हीही जरा कान बाजूला करा. पाया पडतो… हो, भिंगारचं लक्षात आहे… गेल्या, दाजी. बहुतेक गेल्या.”

कुलथ्यांनी न सांगताच खुर्ची भिंतीकडे वळवली आणि ते कॅलेंडर वाचू लागले.

“बोला… हो… साळूबाईच्या रानातली विहीर ना. ऐकलं होतं मी, कोरडी गेली म्हणून… तिच्याआधी रंगुबाईचीही? ते नव्हतं माहीत… चौदा परस खोल नेली आणि खाली काळा पाषाण. दाजी, गेला दुष्काळच तसा होता हो, ज्यांना बारमाही पाणी त्यांच्यासुद्धा… बरं. नाही बोलत मधे… हो… ‘नारळ हुबा ऱ्हायला हुता, आईशप्पत.’ राहिलाच असणार. तुम्ही खोटं सांगता, असं कोण म्हणतं… माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि उरलेल्या वेळात तुमच्या शब्दावर विहीर खणायची. हो… आणि साळूबाई काय म्हणाली?… काहीच म्हणाली नाही. उलट चहा दिला. हं. ते जास्त लागतं.”

खिडकीबाहेर शिपाई सायकल पुसत होता. राधाकृष्ण नुसते त्याच्याकडे बघत ऐकत राहिले.

“मग दाजी, तुम्हाला भीती अशी वाटते का, की विजू शिकून येईल आणि चार लोकांत तुम्हाला खोटं पाडेल?… तसं नाही? मग?… मग काय ते सांगा ना… हॅलो? आहात ना?… सावकाश सांगा. मला घाई नाही.”

 खरखरीतून गहिनीनाथ काहीतरी बोलले. राधाकृष्णांनी ते ऐकलं, आणि नीट ऐकलं ना, याची खात्री करायला ते हळूच परत म्हणाले.

“म्हणजे नारळ उभा राहतो, का तुमचाच हात त्याला उभा करतो, हे तुमचं तुम्हालाच कळत नाही… कधीपासून?… पहिल्यापासून.”

“नाही, दाजी. हसत नाही. मी कशाला हसू?… अक्कालाही नाही सांगितलं कधी. बरं केलंत… मी? मला नाही हो सांगता येणार. पुस्तकात?… पुस्तकात शोधलं तर एकात नारळ म्हणून सापडेल आणि दुसऱ्यात हात म्हणून. मी ती दोन्ही एकाच कपाटात लावतो, एवढंच माझं काम… माझ्या नावापुढं डिग्री आहे, हो. पण तिला जमिनीखालचं काही दिसत नाही… विजूला? विजूला सांगता येईल. आज नाही. आधी इथं प्री-डिग्री सायन्स, मग पुण्याला विद्यापीठात भूगर्भशास्त्र. ते खडकाचंच शास्त्र आहे… बरीच वर्षं जातील, दाजी… ‘तवर हाय मी.’ असालच की.”

त्यांना एकदम काहीतरी उमगलं.

“म्हणजे ती हे शोधून काढेल, या धास्तीनं तुम्ही नारळाला कॉमर्सवर… नाही, नाही, मुद्दाम केलं असं नाही म्हणत मी. तेच तर कळत नाही म्हणताय ना… हो, कॉमर्सला खडक नसतो. ते मात्र खरं.”

“अट? सांगा… जे काय निघेल ते तिनं आधी तुम्हाला एकट्याला सांगायचं. घरात नाही, रानात. मग हवं तर गावाला. बरोबर?… मी सांगतो तिला. मी कशाला, तुम्हीच सांगा, बाहेर बसलीये ती… नाही जमायचं तुम्हाला. बरं, मीच सांगतो.”

आता गप्प बसावं, मनासारखं झालंय, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांच्याच्यानं राहवेना.

“दाजी, एक विचारू का?… समजा तिनं एवढं शिकून येऊन सांगितलं, की नारळ नुसता नारळच होता. तर?”

 पलीकडून उत्तर आलं तेव्हा राधाकृष्णांच्या चेहऱ्यावर काय झालं ते बघायला कुलथ्यांनी खुर्ची परत वळवली.

“‘तर मंग फोडून खाऊ. बाप-लेक दोगं मिळून.’… हो, दाजी. हो. मग मी सायन्स लिहायला सांगू ना?… हॅलो?… दाजी, नुसतं हो म्हणा… हॅलो?… बाई, अहो, लाईन… हॅलो?”

फोनमध्ये आता खरखरही नव्हती. राधाकृष्णांनी थोडा वेळ रिसीव्हर तसाच कानाशी धरला.

“लिहितोय, दाजी,” ते त्यात म्हणाले, आणि मग त्यांनी तो जागेवर ठेवला.