आईला घेत्यात का?

मिरजेच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढतात त्या खोलीबाहेर बसलो होतो. शेजारी पलूसचे एक पेन्शनर सुभेदार आणि एक बाई बोलत होती.

"लेकीला खोकला हाय व्हय, बाई?"

"न्हाई वं. अंजना नर्स हाय. इलायतेला निघालीया. छातीत डाग न्हाई हे बघितल्याबिगर घेत न्हाईत म्हनं."

"माझा पुतण्या इलायतेला गेला तवा त्याचाबी फोटू काढला हुता. आस्ट्रेलिया त्याहून कडक. तिथं कातडीच गोरी लागती."

"आगं बया! आन् क्यानडा?"

"तिथं परीक्षेवानी मार्क देत्यात. शिक्षणाला येगळं, वयाला येगळं."

"मग समद्यात कडक कोन?"

"ब्रह्मदेश. पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हायलेल्यांस्नीबी हाकललं."

"आन् आईला कोन घेतं, सुभेदार?"

"आईला?"

"मालक गेलं. मला हिच्याबिगर कोन न्हाई."

"इलायत घेती विधवा आईला, पुतण्या सांगत हुता. पर साठी उलटाय पायजे. तुमचं वय किती?"

"कुनी लिवून ठिवलंय? मानमोडीच्या तापाची साथ आली तवा मी झाले, असं आई म्हनायची."

"म्हंजे अठरा साल. पन्नास झाली. अजून धा वर्सं हायती."

तेवढ्यात दार उघडलं.

"आये, डाग न्हाई! मी जाती आता!"

"लय बरं झालं गं, बाय माझी."

लेक कागद आणायला गेली. बाई सुभेदारांकडे सरकली.

"सुभेदार, मानमोडीच्या आदी कुठली साथ आली हुती?"

"प्लेग आला हुता की."

"मग मी पलेगात झाले."