कबुतर शिवलं

विश्वासराव : कात्री कुठं आहे?

रक्षिता : अप्पा, आधी ती पिशवी खाली ठेवा. आनेकलच्या बसमधून उतरलाय नुसते. पाणी तरी प्या.

विश्वासराव : पाणी नको. कात्री दे. नाहीतर विळी दे. दोन दिवस घराबाहेर काय पडलो, माझ्या गॅलरीचा तुरुंग केलात!

रक्षिता : जाळी आहे ती. कबुतरांची. अख्ख्या इंदिरानगरात जाळी नसलेली एक गॅलरी दाखवा मला.

विश्वासराव : आणि कठड्यावर हे काटे? पाखरानं पाय टेकला तर पोट फाटेल त्याचं.

रक्षिता : नाही फाटत. टोकं बोथट असतात. पाखरू बसू नये म्हणून लावतात, मरावं म्हणून नाही.

विश्वासराव : मरावं म्हणून नाही? इकडं ये. ये म्हणतोय ना! त्या काचेतून बघ. एसीच्या डब्यामागं पिल्लं आहेत. पिल्लं आत, मायबाप बाहेर. बाहेरनं धडका मारतायत दोघं जाळीला. मादीचा पंख बघ कसा झालाय तो!

रक्षिता : पिल्लं? आत पिल्लं आहेत?

विश्वासराव : नाटक करू नकोस माझ्यापुढं.

रक्षिता : नाटक कसलं! काल दुपारी जाळी लागली, मी ऑफिसात होते. आणि गॅलरीचं दार मी उघडत नाही, वर्ष झालं. अभिराज! ए अभिराज, बाहेर ये!

अभिराज : कॉलवर आहे गं. दोन मिनिटं.

रक्षिता : कॉल गेला खड्ड्यात. कानातलं ते काढ आणि ये!

अभिराज : काय झालं? अरे, अप्पा, कधी आलात? नागोजीकाकांची वास्तुशांत कशी झाली?

विश्वासराव : त्यांची वास्तू शांत झाली, जावईबापू. इथं माझी पेटलीय.

रक्षिता : तुला काय सांगितलं होतं मी? आधी घरटं आहे का बघ. घरटं असलं, पिल्लं असली, तर त्याला परत पाठव. पिल्लं उडाल्यावर बोलावू. सांगितलं होतं की नाही?

अभिराज : हो, आणि मी बघितलं. नव्हतं काही.

विश्वासराव : कुठनं बघितलंत?

अभिराज : इथून. म्हणजे… खुर्चीतून. काचेतून सगळं दिसतं की.

विश्वासराव : उंटावरून शेळ्या हाकल्यात.

अभिराज : नाही अप्पा, त्या जाळीवाल्यालाही मी क्लिअर सांगितलं होतं. शिवकुमार नाव त्याचं. त्याला हिंदी फारसं येत नव्हतं, पण त्यानं स्वतःहून विचारलं मला. मी मीटिंगमध्ये होतो, तो त्या दारातून ओरडला, ‘हक्की इदे सार्, हाक्ला?’ हक्की म्हणजे पक्षी, एवढं कन्नड येतं मला. मी म्हटलं, हाका! हाका, सगळी हाका!

विश्वासराव : पुन्हा बोला.

अभिराज : म्हणजे, पक्षी बसलेत, हाकलू का, असंच विचारत होता ना तो?

विश्वासराव : अय्यो देवा.

अभिराज : का? काय झालं?

विश्वासराव : जावईबापू, कन्नडात ‘हाकू’ म्हणजे घालणं. लावणं. आत पाखरं आहेत साहेब, तरी लावू का जाळी, असं तो बिचारा विचारत होता. आणि तुम्ही काय हुकूम दिलात?

अभिराज : …हाका.

रक्षिता : एकदा नाही. तीनदा.

विश्वासराव : लाव, लाव, सगळीकडं लाव! त्यानं लावली. त्याचं काय चुकलं?

रक्षिता : चार वर्षं झाली रे तुला बेंगळूरला येऊन! रोज भाजीवालीला मी ‘कव्हरल्ली हाकी’, पिशवीत घाला, म्हणते, तू शेजारी पिशवी धरून उभा असतोस. तेव्हा ती काय टोमॅटो हाकलून लावते?

अभिराज : सॉरी. आय मीन, माझ्या डोक्यात मराठीच चालू होतं. सॉरी, अप्पा.

विश्वासराव : मला नको, त्या पाखरांना म्हणा सॉरी. तेही मराठीत म्हणा, म्हणजे भलतंच काही ऐकायचे नाहीत. कात्री!

रक्षिता : थांबा. अभिराज, शिवकुमारला फोन लाव. त्यानं बांधलीय, तोच नीट सोडेल.

अभिराज : लावतो… बोल तू, तूच बोल, माझ्यावर सोडू नकोस.

रक्षिता : हलो, शिवकुमार? निन्ने हाकिद बले… हां. हां. इवत्तु बरक्कागल्वा? सरी. सरी, बिडी… होसूरला गेलाय, आज जमत नाही. सोमवारी येतो म्हणतो.

विश्वासराव : सोमवारपर्यंत काय उरतंय तिथं? पिसं. मीच कापतो.

रक्षिता : कापा. पण त्याआधी एक कबूल करा.

विश्वासराव : आता अटी?

रक्षिता : हो, अटी. पिल्लं उडाली की जाळी परत लागणार. आणि दाणे बंद. कायमचे बंद.

विश्वासराव : तिकडं जीव जातोय आणि तू माझ्याशी सौदा करतेस! कुणाची पोर तू?

रक्षिता : तुमचीच. म्हणून ओळखते तुम्हाला. आज जाळी कापाल आणि उद्यापासून पुन्हा वाटीभर दाणे कठड्यावर. मग पुन्हा घरटी, पुन्हा ती घाण, पुन्हा ती… थांबा जरा… पुन्हा ती धूळ.

अभिराज : बस, रक्षिता. बसून बोल. पंप कुठं ठेवलायस?

रक्षिता : नकोय पंप. बोलू दे मला.

विश्वासराव : खोकल्याचं काय एवढं? या गावाची हवाच तशी झालीय. मेट्रोचं खोदकाम, ती धूळ. तुझी आई पण थंडीत खोकायची. तुळशीचा काढा घे.

रक्षिता : धूळ आहेच. पण मेट्रोची नाही, तुमच्या कबुतरांची! वाळलेली विष्ठा, पिसांचा भुगा. हे डॉक्टरांनी सांगितलंय, मी नाही.

विश्वासराव : डॉक्टरला काय, बोलायला काय लागतंय? आमचे आजोबा दाणे घालायचे, वडील घालायचे. कुणाची छाती भरली?

रक्षिता : आजोबा अंगणात घालायचे, अप्पा. मोकळ्या अंगणात, विहिरीपाशी. तुम्ही माझ्या उशापासून हातभर अंतरावर घालता. मधे फक्त एक खिडकी. ती मी लावून घेतली. मग गॅलरीचं दार लावलं. आता फक्त स्वतःला आत कोंडून घ्यायचं राहिलंय, आणि तेही झालंच म्हणा.

विश्वासराव : सुम्ने, उगाच वाढवून बोलू नकोस. मी का घालतो दाणे, तुला ठाऊक आहे.

रक्षिता : मला ठाऊक आहे. याला नाही. याला सांगा.

अभिराज : काय? मला वाटायचं अप्पांना आवडतात कबुतरं.

विश्वासराव : आवडतात कसली! दिवसभर घुमतात, डोकं उठतं. आवडीचा प्रश्न नाही तो. हिची आई गेली, तुमच्या लग्नाच्या आधी. दहावं होतं. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अहो, कावळा राहिलाय कुठं या भागात? झाडं तोडली, कावळे गेले. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मी म्हटलं, नाही, गवताच्या कावळ्यावर माझ्या बायकोची बोळवण करायची नाही मला. मग म्हणाले, विश्वासराव, तिची इच्छा काहीतरी अडकलीय. शब्द द्या तिला. हिचा मामा बोलला, मावशी बोलली. कुणाच्या शब्दाला काही उतरेना. शेवटी मी हात जोडले, बोललो, आणि वरनं फडफड झाली. एक कबुतर. सरळ पिंडावर. कबुतर शिवलं, जावईबापू! डोळ्यांनी बघितलं मी. भटजी म्हणाले, काळ बदललाय, चालेल. त्या दिवसापासून सकाळचा पहिला घास त्यांचा.

अभिराज : हे मला कधीच… सॉरी अप्पा. खरंच माहीत नव्हतं.

रक्षिता : शब्द काय दिला होतात, ते नाही सांगितलंत.

विश्वासराव : असू दे.

रक्षिता : का असू दे? याच्या कानात सदा ते असतं म्हणून कळलं नाही, नाहीतर पाहुणा आला की कबुतराची गोष्ट होते. वॉचमन शिवाप्पाला झाली, लिफ्टवाल्याला झाली. शब्दाची कधी होत नाही. सांगा की.

विश्वासराव : तो माझा आणि तिचा मामला आहे.

रक्षिता : नाही! माझा आहे. मी तुमच्या शेजारीच उभी होते, अप्पा. ऐकलंय मी. ‘तुझ्या पोरीला अंतर देणार नाही.’ हेच बोललात ना? त्यावर कबुतर उतरलं. आणि तुम्ही काय केलंत? शब्द सोडलात आणि कबुतर धरून बसलात!

विश्वासराव : तोंड सांभाळ, रक्षिता.

रक्षिता : वर्षभर सांभाळलं. आता नाही सांभाळत. वाण्याकडून जोंधळा निवडून आणता तुम्ही, खडा असला तर परत करता, का तर पाखरांच्या पोटात जाईल. माझ्या पोटात, माझ्या छातीत काय जातं ते एकदा तरी विचारलंत? जिन्यात मी दोनदा थांबते, तेव्हा तुम्ही वरून काय ओरडता? ‘काय गं म्हातारीसारखी!’

विश्वासराव : थट्टेत बोलतो मी. लिफ्ट असताना जिना चढायला कुणी सांगितलं?

रक्षिता : लाइट गेल्यावर कशानं चढू?

अभिराज : अप्पा, थट्टा नाहीये ही. रक्षिता, आता तरी सांग त्यांना. नाहीतर मी सांगतो.

रक्षिता : काही उपयोग नाही.

विश्वासराव : काय सांगायचंय?

अभिराज : गेल्या महिन्यात हिचा स्कॅन झाला. दोन्ही लंग्जमध्ये स्कारिंग आहे.

विश्वासराव : मराठीत सांगा.

अभिराज : वण. जखम भरली की कातडी निबर होते ना, तसे. फुप्फुसाचा जेवढा भाग असा निबर झालाय, तेवढा गेला. तो परत येणार नाही. उरलेला वाचवायचा तर औषधं चालू आहेत, पण डॉक्टर म्हणाले, औषधं नंतर. आधी कबुतरं घरापासून लांब करा. नाहीतर पुढच्या वर्षी हिला घरात चालायलाही ऑक्सिजन लागेल.

विश्वासराव : …कुणाला? हिला?

अभिराज : हो, अप्पा.

विश्वासराव : ती… अजून पस्तिशीची नाही झाली.

रक्षिता : नाही झाले.

विश्वासराव : एवढं सगळं झालं आणि मला सांगितलं नाहीत? मी काय परका आहे? याच घरात राहतो ना मी? का नाही सांगितलंस मला?

रक्षिता : सांगितलं. दोनदा सांगितलं. तुम्ही गॅलरीत होता.

(जाळीवर पंख आपटल्याचा आवाज येत राहतो.)

रक्षिता : टीव्हीखालच्या खणात कात्री आहे. कापा आता. पिल्लांनी काय केलंय कुणाचं?

अभिराज : मी कापतो. चूक माझी आहे.

विश्वासराव : नको. तुम्ही हिला आतल्या खोलीत न्या. मी दार उघडलं की सगळी धूळ आत येईल.

रक्षिता : मी इथंच थांबते. काचेमागं.

विश्वासराव : मग तोंडाला काहीतरी बांध. ओढणी बांध. घट्ट. आणि दार माझ्यामागं ताबडतोब लावा, जावईबापू, फट ठेवू नका.

रक्षिता : सगळी नका कापू. एसीच्या बाजूचा कोपरा फक्त… हां, तिथंच. हात सांभाळा, काटे आहेत… अप्पा! लागलं का?

विश्वासराव : नाही लागलं.

अभिराज : बाजूला व्हा अप्पा, तुम्ही उभे आहात म्हणून ती येत नाहीये.

रक्षिता : आली. आली बघ. गेली का आत?

विश्वासराव : गेली. चारतेय.

रक्षिता : दोन्ही पिल्लं आहेत?

विश्वासराव : दोन्ही. एक जरा मलूल आहे. पण चोच उघडतंय.

अभिराज : थँक गॉड.

विश्वासराव : जावईबापू, ऐका. पिल्लं उडेपर्यंत हिला इथं ठेवू नका. कोरमंगलाला तुमचा तो मित्र आहे, त्याच्याकडं जा. नाहीतर कुठं खोली घ्या. आजच जा. जेवायलासुद्धा थांबू नका. मी इथं बघतो. पिल्लं उडाली की हे सगळं धुऊन काढतो, ओल्या फडक्यानं, तोंड बांधून. मग शिवकुमारला बोलावतो आणि समोर उभं राहून कोपरा बांधून घेतो.

अभिराज : मी पण येतो धुवायला.

विश्वासराव : तुम्ही हिच्याजवळ राहा.

रक्षिता : आणि दाणे?

अभिराज : रक्षिता, पुरे आता. झालं ना सगळं.

रक्षिता : नाही झालं. जाळी काय, शेजारच्या गच्चीवर जाऊन घालतील हे, आणि कपड्यांवर घेऊन येतील ती धूळ. अप्पा? अप्पा, पाठ करून उभे राहू नका. मी दाण्यांचं विचारलं. ऐकू येतंय का? उघडू का दार?

विश्वासराव : दार उघडू नकोस, बाळ. ऐकू येतंय मला.